बटाट्याचे बेणे

एकादशीच्या फराळात बटाट्याला मिळालेले मानाचे स्थान पाहिले म्हणजे हा कंद परदेशातून आला असेल, यावर विश्वास बसणे कठीण जाते. उपवासाला गहू चालत नाही, ज्वारी चालत नाही. सातासमुद्रापलीकडचा बटाटा मात्र निर्वेधपणे चालतो. त्याचे नाव आपल्याकडे पोर्तुगिजांच्या तोंडून आले, आणि तेही मुळात त्याचे नव्हे. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील लोकांनी रताळ्यासाठी वापरलेला. युरोपीयांनी घोटाळा करून तो या दुसऱ्याच कंदाला चिकटविला. अशा रीतीने नाव रताळ्याचे, जन्म दक्षिण अमेरिकेतील डोंगरांचा आणि मान आपल्या फराळाचा, असा हा तिहेरी संसार आहे.

ज्याची ओळख स्वयंपाकघरात एवढी पक्की, तो शेतात लावतात कसा, हे मात्र शहरी श्रोत्याला क्वचितच ठाऊक असते. शेतकऱ्याच्या भाषेकडे लक्ष दिले तर त्याचे अर्धे उत्तर तेथेच सापडते. ज्वारी-बाजरीचे असते ते ‘बी’, आणि ते पेरतात. ऊस, हळद, आले आणि बटाटा यांचे असते ते ‘बेणे’, आणि ते लावतात. बी म्हणजे झाडाचे अपत्य. बेणे म्हणजे झाडाच्या देहाचाच तुकडा. या एका भेदात बटाट्याच्या शेतीचे सारे कौशल्य आणि तिची सारी संकटे साठविलेली आहेत.

बटाटा जमिनीखाली वाढतो, म्हणून त्याला मूळ समजण्याची चूक सहज होते. वस्तुतः तो खोडाचा भाग आहे. झाडाच्या बुंध्यापासून जमिनीखाली आडव्या फांद्या फुटतात, त्यांची टोके फुगतात आणि त्यांत झाड आपले अन्न साठवून ठेवते. बटाट्यावर दिसणारे ‘डोळे’ म्हणजे खोडावरच्या कळ्याच होत. प्रत्येक डोळ्यातून नवे झाड उगवू शकते, आणि ते जुन्या झाडाची हुबेहूब आवृत्ती असते. बटाट्याला फुले येतात, काही जातींना लहान टोमॅटोसारखी फळेही धरतात. परंतु त्या फळातील बी पेरले तर प्रत्येक रोप वेगळ्या गुणाचे निघते. म्हणून गुण टिकवावयाचे तर कंदच लावावा लागतो. गुणांबरोबर आईबापांचे रोगही त्याच कंदातून पुढच्या पिढीकडे जातात, ही या सोयीची किंमत होय.

ही किंमत बटाट्याच्या मूळ घरच्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवरील तितिकाका सरोवराभोवती हजारो वर्षांपूर्वी या पिकाची लागवड सुरू झाली. त्या अँडीज पर्वताच्या उतारांवर नांगर चालत नाही. तेथील शेतकरी ‘चाकिताक्ला’ नावाचे पायाने दाबावयाचे लाकडी अवजार वापरतो. पुरुष पायाने दाब देऊन ढेकूळ उचलतो आणि त्या फटीत स्त्री बेणे ठेवते. विशेष असे, की एकाच शेतात तो अनेक जाती मिसळून लावतो. काही लांबट, काही गोल, काही जांभळ्या, काही गाठाळ. कोणी थंडीला टिकणाऱ्या, कोणी रोगाला. एखादी गेली तर दुसरी उरते.

युरोपात बटाटा गेला तो हे शहाणपण मागे ठेवून. आयर्लंडमधील गरीब शेतकरी एकोणिसाव्या शतकात बहुतांशी एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होता, आणि एक जात म्हणजे बेण्याच्या हिशेबाने जणू एकच झाड. १८४५ साली त्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांतील दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. त्या अनर्थाला राज्यकर्त्यांचे धोरणही कारण होते, हे खरे. तथापि बेण्याची एकजिनसी वीण हे त्याचे मूळ होते, यात संशय नाही.

महाराष्ट्रातील बटाट्याचा जुना मुलूख म्हणजे पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग. खेड तालुका, मंचरची बाजारपेठ आणि आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरील पेठ, कुरवंडी, भावडी ही गावे बटाट्यासाठी प्रसिद्ध आहेत. सातारा जिल्ह्यातील खटाव-कोरेगावकडेही हे पीक जुने आहे. उत्तर भारतात बटाटा हिवाळ्याचे पीक आहे. येथे तो पावसाळ्यातही घेतात, हे या भागाचे वैशिष्ट्य होय. बटाट्याला थंड रात्री लागतात. रात्रीची हवा वीस अंशांच्या आसपास असली तर कंद चांगला धरतो. ती फार उबदार राहिली तर पाला माजतो आणि जमिनीखाली मात्र काही सापडत नाही. सह्याद्रीच्या सावलीतील या उंच पठारावर पावसाळ्यात आभाळ झाकलेले असते, हवा गार असते आणि पाऊस घाटमाथ्यासारखा धो धो पडत नाही. हा योग साधून तेथील शेतकऱ्याने पावसाळी बटाटा बसविला.

या पिकाची तयारी चैत्र-वैशाखातच सुरू होते. रान खोल नांगरून उन्हात तापू द्यावयाचे, वळवाचा पाऊस पडला की कुळवाच्या पाळ्या देऊन ढेकळे फोडावयाची आणि उकिरड्यातील कुजलेले शेणखत मिसळावयाचे. ज्याला शक्य असेल तो धनगराला सांगून रानात मेंढ्या बसवितो. रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्या आणि मूत्र यांनी रानाला परस्पर खत मिळते. माती भुसभुशीत हवी, हा येथील पहिला नियम. कंदाला फुगावयाचे असते ते मातीला बाजूला सारून. कठीण जमिनीत तो वाकडातिकडा होतो आणि चिबड जमिनीत कुजतो. म्हणून निचऱ्याचे मध्यम रान बटाट्याला देतात आणि भारी काळे रान दुसऱ्या पिकाकडे ठेवतात.

त्यानंतर येते ती बेण्याची निवड. बेणे कोंबडीच्या अंड्याएवढे असावे, असे जुने जाणते सांगतात. आजचे शास्त्र तीस ते पन्नास ग्रॅम वजन सांगते, म्हणजे गोष्ट तीच. बेणे लावण्यापूर्वी पडवीत किंवा गोठ्याच्या सावलीत पातळ पसरून ठेवतात. अंधारात कोंडलेल्या बटाट्याला लांब, पांढरे, नाजूक मोड येतात आणि ते हात लागताच तुटतात. मंद उजेडात ठेवलेल्याला आखूड, जाड, रंगीत मोड फुटतात आणि ते लावणीत टिकतात. ज्या बटाट्याला या काळात मोड येत नाहीत किंवा दोऱ्यासारखे बारीक मोड येतात, तो बाजूला काढतात. पुस्तकाचे नाव न ऐकलेली म्हातारी ही परीक्षा नुसत्या नजरेने करी, आणि ती परीक्षा उत्तम होती. कारण दोऱ्यासारखा मोड हे अनेकदा रोगी कंदाचे लक्षण असते.

बटाटा मोठा असेल तर त्याच्या फोडी करतात. यातही रीत आहे. बटाट्याच्या ज्या टोकाला डोळ्यांची दाटी असते, ते त्याचे डोके. ज्या टोकाने तो झाडाला लागलेला असतो, ते त्याचे बूड. विळी नेहमी डोक्याकडून बुडाकडे चालवावयाची, म्हणजे प्रत्येक फोडीला डोक्याकडचे जोमदार डोळे वाटून मिळतात. आडवे कापले तर एका फोडीला सारे बळ जाते आणि दुसरी लुळी राहते. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आले पाहिजेत. कापलेल्या फोडींना चुलीतली राख चोळून एक-दोन दिवस सावलीत ठेवतात. तेवढ्यात कापलेल्या बाजूवर कोरडी साल धरते. फोडी लावण्याची ही रीत मुख्यतः हिवाळी पिकासाठी. पावसाळ्यात उबदार, ओल्या मातीत फोड कुजण्याचे भय असते, म्हणून त्या वेळी अखंड बेणे लावणे शहाणपणाचे ठरते.

मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाली, की आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास लावण सुरू होते. बैलांचा नांगर पुढे चालतो आणि त्याच्या तासात मागून स्त्रिया बेणे टाकीत जातात. अँडीजच्या उतारावरील तो पुरुष आणि ती स्त्री येथे पुन्हा भेटतात. पायाच्या अवजाराच्या जागी बैल आले आहेत एवढेच. दोन बेण्यांत एक वीत अंतर राखतात, आणि त्यासाठी मोजपट्टी लागत नाही. चालत्या नांगराच्या वेगाने वाकून, टोपलीतील बेणे मोड वर राहील अशा बेताने ठेवीत जावयाचे, हे काम दिसते तितके सोपे नाही. नांगर परत येताना पडणाऱ्या दुसऱ्या तासाच्या मातीने पहिले तास झाकले जाते. मधले एक तास रिकामे सोडून पुन्हा बेणे टाकतात. म्हणजे दोन ओळींत सुमारे दोन फुटांचे अंतर आपोआप राहते. बेणे फार वर राहिले तर सुकते, फार खोल गेले तर उगवण्यास उशीर लागून कुजते. चार बोटे माती हा जुना अंदाज आहे.

हिवाळी बटाटा विहिरीच्या पाण्यावर असतो. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरी-वरंब्यावर लावतात, म्हणजे पाणी सरीतून फिरते आणि कंद वरंब्याच्या कोरड्या, मोकळ्या मातीत वाढतो. पूर्वी या पाण्यासाठी पहाटेपासून मोट चालत असे.

लावणीनंतर सुमारे महिन्याने पिकाला मातीची भर देतात. खुरपणी करून ओळींमधली माती झाडांच्या बुंध्याशी चढवितात. कंद खोडाच्या फांद्यांवर येतात. तेव्हा बुंध्याशी जितकी मोकळी माती, तितकी त्यांना जागा अधिक. शिवाय उघड्यावर राहिलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो, त्यात सोलानिन नावाचे विष वाढते आणि तो खाण्यास निरुपयोगी ठरतो. भर देण्याचे तिसरेही कारण आहे, आणि ते एका चिमुकल्या पाखराशी निगडित आहे.

त्या पाखराला शेतकरी पाकोळी म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात बटाट्याचे बेणे इटलीहून येत असे, आणि १९०६ च्या सुमारास त्या बेण्याबरोबरच ही कीडही आली. पाकोळी बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालते आणि तिची अळी आत शिरून कंद पोखरते. शेतात भेगांतून उघडा पडलेला बटाटा तिला सापडतो, म्हणून भर नीट दिली पाहिजे. परंतु तिचा खरा धुमाकूळ चालतो तो साठवणीत.

साठवणीच्या जुन्या पद्धतीला या भागात ‘अरण’ म्हणतात. झाडाच्या गर्द सावलीत जागा साफ करून तेथे बटाट्याचा ढीग रचावयाचा आणि त्यावर गवताचे किंवा पाचटाचे जाड आच्छादन घालावयाचे. आत गारवा राहावा, वारा खेळता राहावा आणि उजेड शिरू नये, अशी ही साधी योजना आहे. बटाट्याच्या थरांखाली आणि वर घाणेरीच्या पाल्याचा थर दिला तर उग्र वासामुळे पाकोळी दूर राहते, हेही पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. एक पैशाचाही खर्च न करता बटाटा काही आठवडे चांगला राखणारी ही युक्ती आजही पूर्णपणे लोपलेली नाही.

तथापि अरणीची एक मर्यादा होती, आणि शेतकऱ्याच्या साऱ्या कौशल्याचे घोडे तेथेच अडले. जमिनीतून काढलेला बटाटा दोन-अडीच महिने निद्रिस्त असतो. त्याला मोड येत नाहीत. पावसाळी बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. तो लगेच नोव्हेंबरात लावावा, तर तो झोपेतून उठलेला नसतो. हिवाळी बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तो जूनपर्यंत जागा होतो खरा, पण मधे दख्खनचा उन्हाळा आडवा येतो. त्या चार महिन्यांत अरणीतील बटाटा सुकतो, कुजतो, पाकोळीच्या तोंडी पडतो. तरीही जे उरे, त्यावर पुढच्या हंगामाची आशा असे.

आणि जे उरे, ते निरोगी असे काय? पुणे भागात १८९२ सालीच एका रोगाची नोंद झाली होती. उभे झाड एकाएकी कोमेजते आणि बटाटा कापला असता आत तपकिरी वर्तुळ दिसते. शेतकऱ्याने त्याला ‘बांगडी’ असे अचूक नाव दिले. हा जिवाणूंचा रोग मातीतून पसरतो, तसा कापणाऱ्या विळीवरूनही पसरतो. म्हणजे एका रोगी बटाट्यावर चाललेली विळी पुढच्या कित्येक निरोगी बटाट्यांना त्याची दीक्षा देते. याहून कपटी ते विषाणूंचे रोग. पानावर बसणारा मावा ते एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेतो. पाने गुंडाळतात, झाड खुजे राहते, बटाटे लहान पडतात. बटाटा मात्र बाहेरून धडधाकट दिसतो. गरजू शेतकरी मोठा बटाटा बाजारात नेई आणि लहान बटाटा बेण्यासाठी ठेवी. हा व्यवहार काटकसरीचा होता, पण लहान बटाटे पुष्कळदा रोगी झाडांचेच असत. म्हणजे काटकसरीच्या पोटी तो दरवर्षी आपल्या रानातील दुबळ्याची निवड करीत होता. तीन-चार वर्षांत उत्पन्न ढासळे, आणि ‘बेणे उतरले’ असे म्हणून तो बाहेरच्या बेण्याकडे वळे.

हे बेणे का उतरते, याचा उलगडा होण्यास संशोधन लागले. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली आणि १९५६ साली सिमल्यास हलविण्यात आली. त्या काळी निरोगी बेणे थंड डोंगराळ प्रदेशातच होऊ शकते, अशी समजूत होती. परंतु डोंगरातील पीक शरदात निघे आणि मैदानात लावणीच्या वेळी ते झोपेतच असे. डॉ. पुष्करनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास या अडचणीतून मार्ग काढला. पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेशाच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा फारसा नसतो, हे त्यांनी हेरले. निरोगी बेणे ऑक्टोबरात लावावयाचे, जानेवारीत मावा वाढण्यापूर्वीच पाला कापून टाकावयाचा, कंदाची साल जमिनीतच पक्की होऊ द्यावयाची आणि मग बटाटा शीतगृहात ठेवावयाचा, अशी ही पद्धत. तिच्यात महागडे यंत्र नाही, अद्भुत औषध नाही. आहे ते ऋतूचे आणि किडीच्या सवयींचे सूक्ष्म निरीक्षण. जुन्या शेतकऱ्याच्या नजरेचेच ते शास्त्रीय रूप होय. १९६८ साली प्रसृत झालेल्या कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी यांसारख्या जातींचे निरोगी बेणे या मार्गाने देशभर पोहोचू शकले. आज भारत बटाट्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे, त्याचा पाया या पद्धतीने घातला.

पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या वाट्याला या यशातून काय आले? निरोगी बेणे आले, हे निःसंशय. जालंधरकडून येणाऱ्या बेण्याच्या मालमोटारी मंचरच्या बाजारात उतरतात आणि पठारावर लावण होते. परंतु त्याबरोबर परावलंबनही आले. एका हेक्टरला ज्वारीचे दहा किलो बी पुरते. बटाट्याचे बेणे पंचवीस ते तीस क्विंटल लागते. लागवडीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा या बेण्याचा असतो, आणि त्याचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. पाऊस साधला तर एका पोत्याला दहा-बारा पोती निघतात. त्याने दगा दिला तर चार-पाच. अशा व्यवहारात बेणे महाग मिळाले आणि बटाटा स्वस्त विकला गेला, तर वर्षाची मेहनत मातीत जाते. अरणीतील कुजका बटाटा निवडणाऱ्या आजोबांचे नुकसान डोळ्यांना दिसत होते. नातवाचे नुकसान हिशेबाच्या वहीत असते, एवढाच फरक.

यावर ‘जुने तेच सोने’ असे म्हणून अरणीकडे परत फिरणे हा उपाय नव्हे. जुन्या पद्धतीने विषाणू थांबला नव्हता आणि थांबणारही नाही. परंतु सारे ज्ञान बेण्याच्या पोत्याबरोबर विकत मिळते, असे मानणेही तितकेच घातक आहे. आज अनेक ठिकाणी ट्रॅक्टरला जोडलेले यंत्र सरी पाडते, बेणे टाकते आणि माती ओढते. त्या यंत्राला दोऱ्यासारखा मोड ओळखता येत नाही. बांगडी झालेला बटाटा विळीखाली आला असता विळी पुसून, जंतुनाशकात बुडवून मगच दुसरा बटाटा कापावा, हे माणसालाच कळले पाहिजे. उभ्या पिकात फिरून गुंडाळलेल्या पानांची झाडे कंदांसह उपटून टाकणे आणि धडधाकट झाडांना खुणेच्या काड्या लावून त्यांचेच कंद बेण्यासाठी राखणे, एवढे जरी केले तरी घरचे बेणे एखाद-दुसरा हंगाम अधिक टिकते. हा उपाय शास्त्रसंमत आहे आणि त्याला लागते ती केवळ पारखी नजर. गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन थोडे निरोगी बेणे आणावे, ते वेगळ्या रानात हिवाळ्यात वाढवावे, शीतगृहात सामाईक जागा घेऊन जूनपर्यंत राखावे, तर प्रत्येक पोत्यासाठी उत्तरेच्या वाटेकडे डोळे लावण्याची वेळ येणार नाही. जुन्या पद्धतीत नजर होती पण थंडावा नव्हता. नव्या पद्धतीत थंडावा आहे, तिला नजर दिली पाहिजे.

बी उधळून देता येते. बेणे जपावे लागते. जो आपला देहच पुढच्या पिढीला देतो, त्याचे आरोग्य हीच त्याची संपत्ती, आणि ती राखण्याचे काम कोणा एका संस्थेचे किंवा व्यापाऱ्याचे नाही. पुढच्या एकादशीला ताटात बटाट्याचा कीस येईल, तेव्हा तो कोणाच्या तरी निवडीतून, कोणाच्या तरी वाकलेल्या पाठीतून आणि एका सुरक्षित राहिलेल्या डोळ्यातून तेथवर आला आहे, हे ध्यानी असावे. त्या डोळ्यावर शेतकऱ्याचा डोळा आहे, तोवर हे पीक आपले आहे.